गेम विकत घेतला, पण नावावर झाला का?

शिरूर किंवा दौंड तालुक्यात जमिनीचा व्यवहार निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : खरेदी आहे की खंडाने? खरेदीखत झालं, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन तुमची. ती विकता येते, गहाण टाकता येते, पुढे वारसांच्या नावावर होते. खंडाने घेतलेली जमीन मात्र ठरलेल्या मुदतीपुरती कसायची आणि मुदत संपली की मालकाच्या हवाली करायची. दोन्ही व्यवहार रास्त आहेत. पण खंडाच्या जमिनीला खरेदीचा भाव कोणी देत नाही. घोडनदीच्या आणि भीमेच्या काठावरच्या ज्या घरांत हा फरक आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतो, त्याच घरांत नातू मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर गेम घेतो, पडद्यावरचं ‘बाय’ हे बटण दाबतो, वडिलांच्या खात्यातून पैसे वळते होतात, आणि हा व्यवहार खरेदीचा झाला की खंडाचा, हे कोणीच विचारत नाही.

लोक व्हिडिओ गेम कुठून घेणं पसंत करतात, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. कोणी मोबाइलमधल्या प्ले स्टोअरवरून घेतो, कोणी कॉम्प्युटरसाठी ‘स्टीम’सारख्या ऑनलाइन दुकानातून, कोणी प्लेस्टेशनची डिस्क मागवतो, कोणी मित्राने वापरून झालेली डिस्क निम्म्या पैशात उचलतो. (पैसे लावून खेळायच्या गेमचा इथे संबंध नाही, तसे गेम केंद्र सरकारच्या २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने निषिद्ध केले आहेत.) दुकान निवडताना आपण साधारणपणे तीन गोष्टी बघतो : भाव किती, मिळायला किती वेळ लागेल, पैसे कसे भरायचे. माझं म्हणणं असं की यात चौथा प्रश्न मिळवला पाहिजे, आणि तो सगळ्यात आधी विचारला पाहिजे : पैसे दिल्यानंतर माझ्या हातात नेमकं काय राहणार? पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर राहणाऱ्या, हिशेबाने पैसा खर्च करणाऱ्या कुटुंबाला तर तो न विचारणं महागात पडतं.

आधी मागे वळून पाहू. निंटेंडोचं ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ साली जपानात आलं. भारतात ते अधिकृतपणे फारसं पोचलंच नाही. पोचल्या त्या त्याच्या नकला. टीव्हीला जोडायचं ते यंत्र आणि त्यात खुपसायची ‘कॅसेट’ हीच महाराष्ट्रातल्या एका पिढीची व्हिडिओ गेमशी पहिली ओळख. ती आणायची तर पुणं गाठावं लागे. शिरूरला रेल्वे नाही, तिथून नगर रोडने एसटी. दौंड म्हणजे मोठं जंक्शन, तिथून थेट गाडी. पुण्यात आलं की तापकीर गल्लीसारखी इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ, मुंबईत लॅमिंग्टन रोड. कॅसेटवर शेकडो गेमचा आकडा छापलेला असायचा आणि आत तेच ते गेम पुन्हा पुन्हा निघायचे. माल अस्सल नव्हता, बिल बहुधा मिळत नसे, तरी त्या व्यवहारात एक गोष्ट पक्की होती : कॅसेट तुमच्या ताब्यात असायची. ती शेजारच्या मुलाला आठ दिवस देता यायची, तिच्या बदल्यात दुसरी घेता यायची, कंटाळा आल्यावर विकता यायची. एका गल्लीतल्या पाच मुलांकडे पाच कॅसेट असल्या की प्रत्येकाकडे पाचही असल्यासारखंच होतं.

मग कॉम्प्युटर आले आणि सीडीचा जमाना सुरू झाला. २००३ साली कॉम्प्युटरवर आलेला ‘जीटीए व्हाइस सिटी’ हा गेम आपल्याकडे लहान गावांपर्यंत पोचला तो मुख्यतः चोरट्या प्रतींमधून, आणि पुढे पेन ड्राइव्हवरून. ही चोरी होती, याबद्दल शंका नको. पण तिचं कारण केवळ फुकटेपणा होतं असं म्हणणं अपुरं आहे. अस्सल गेम विकणारं दुकान गावात नव्हतं, ऑनलाइन घ्यावा तर घरोघरी कार्ड नव्हतं, आणि कार्ड असलं तरी डॉलरमधली किंमत झेपणारी नव्हती. स्टीम चालवणाऱ्या ‘व्हॉल्व्ह’ कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११च्या सुमारास हेच मांडलं होतं, की चोरट्या प्रतींचा प्रश्न बहुतेक वेळा किमतीचा नसून सेवेचा असतो. तालुक्याच्या गावाला ते बऱ्याच अंशी लागू पडतं. जिथे सरळ वाट नव्हती तिथे लोकांनी आडवाट धरली, आणि सरळ वाट झाल्यावर त्यांतले पुष्कळ जण तिच्यावर आले.

ही वाट डिजिटल दुकानांनी केली. स्टीम सप्टेंबर २००३मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हाफ-लाइफ २’ या गेमने डिस्क घेणाऱ्यालाही स्टीमवर खातं उघडायला लावलं, आणि हळूहळू कॉम्प्युटरच्या गेमची डिस्क बाजारातून जवळपास नाहीशी झाली. नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीमने भारतासाठी रुपयांत किमती लावल्या. २०१६ साली यूपीआय आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ. डिसेंबर २०१८मध्ये सुरू झालेल्या ‘एपिक’च्या दुकानाने ठरावीक गेम फुकट द्यायला सुरुवात केली. या बदलाचं मोल कमी लेखता कामा नये. शिरूरच्या मुलाला गेम त्याच क्षणी आणि त्याच भावात मिळू लागला, ज्या क्षणी आणि ज्या भावात तो कोथरूडच्या किंवा दादरच्या मुलाला मिळतो. एसटीचं भाडं वाचलं, ‘माल संपला’ हे ऐकणं संपलं. दौंडमध्ये रेल्वेची आणि राज्य राखीव पोलीस दलाची बदलीची नोकरी करणारी कितीतरी कुटुंबं आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करणारे तरुण भाड्याच्या खोलीत राहतात. सामान आवरून गाव बदलणाऱ्याला खात्यात साठवलेले गेम सोयीचेच.

मात्र या सोयीलाही मर्यादा आहे. आजचा मोठा गेम १०० जीबीच्या घरात जातो. मोबाइलच्या पॅकवर दिवसाला २ जीबी मिळत असतील, तर तेवढा गेम उतरवायला ५० दिवस लागतील, तेही बाकी काहीच पाहिलं नाही तर. म्हणजे दुकान घरात आलं ते ज्यांच्याकडे फायबरची जोडणी किंवा अमर्याद डेटा आहे त्यांच्यापुरतं. बाकीच्यांसाठी खरं दुकान म्हणजे मोबाइल, आणि तिथला व्यवहार आणखी वेगळा. ‘फ्री फायर मॅक्स’ किंवा ‘बीजीएमआय’ हे गेम फुकट मिळतात. पैसे जातात ते गेमच्या आतल्या वस्तूंवर. एकात ‘डायमंड’ घ्यायचे, दुसऱ्यात ‘यूसी’, आणि त्यातून पात्राचे कपडे, बंदुकीचा रंग, हंगामाचा पास. रकमा लहान असल्यामुळे त्या खर्च वाटत नाहीत, म्हणून घरातल्या हिशेबातही येत नाहीत. महिनाभराची बेरीज केली तरच त्या दिसतात.

आता चौथा प्रश्न विचारू. स्टीमवर घेतलेला गेम असो, प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातला असो की बीजीएमआयमधला पोशाख, करारात लिहिलेलं असतं की तुम्हाला वापरण्याची परवानगी दिली आहे, मालकी नाही. स्टीमच्या करारानुसार खातं दुसऱ्याला विकता येत नाही, हस्तांतरितही करता येत नाही. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर इथे वारसनोंदच होत नाही. वीस वर्षं जमवलेले गेम बाप मुलाच्या नावावर करू शकत नाही. शेतातल्या कुळाला निदान कायद्याने संरक्षण दिलं. या खेळाडूला ना मालकाचा हक्क, ना कुळाचं संरक्षण.

हे केवळ कागदावरचं भय नाही. २ सप्टेंबर २०२०ला केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला भारतातली त्याची सेवा थांबली. खेळाडूंनी आत घेतलेल्या वस्तू एका दिवसात निरुपयोगी झाल्या. जुलै २०२१मध्ये बीजीएमआय या नव्या नावाने गेम परतला, तेव्हा जुन्या वस्तू नव्या खात्यात आणण्याची सोय दिली गेली. ती कंपनीची मर्जी होती, ग्राहकाचा हक्क नव्हे. जुलै २०२२मध्ये तोही दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३मध्ये पुन्हा आला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. मुद्दा असा की सरकार आणि कंपनी यांच्यातल्या निर्णयात पैसे भरलेला माणूस कुठेच नव्हता. परदेशातलं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘युबिसॉफ्ट’ कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा गेम २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले, आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेला तो गेम कोणालाच खेळता येईना. निंटेंडोने मार्च २०२३मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं, मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४मध्ये ‘एक्सबॉक्स ३६०’चं.

दुकानाच्या हाती किती सत्ता असते, याचं उदाहरण पुण्यातही आहे. ‘नोडिंग हेड्स गेम्स’ या पुण्याच्या चमूने भारतीय पुराणकथांवर बेतलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम केला. ऑगस्ट २०२०मध्ये तो आधी निंटेंडोच्या ‘स्विच’ या यंत्रासाठी आला, इतर यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये. निंटेंडोचं भारतासाठी अधिकृत ऑनलाइन दुकानच नव्हतं. म्हणजे पुण्यात घडलेला गेम विकत घ्यायला दौंडच्या खेळाडूला पहिले दोन महिने सरळ मार्ग नव्हता. चमूने जगभरचा बाजार गाठण्यासाठी घेतलेला तो निर्णय समजण्यासारखा आहे, त्यात दोष नाही. पण कोणाला, कधी आणि कोणत्या अटीवर माल मिळेल हे करणारा ठरवत नाही, घेणाराही ठरवत नाही, दुकान ठरवतं, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की गेम ही करमणूक आहे, तिची मालकी हवी कशाला? जत्रेत तमाशाचं तिकीट काढतो, सिनेमाला जातो, तिथे काही घरी आणत नाही. आक्षेप बरोबर आहे, पण तो अर्धाच लागू होतो. तिकिटावर ‘खरेदी’ असं लिहिलेलं नसतं. एका खेळाचे पैसे आहेत हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि दरही त्या मानाने असतो. महिन्याच्या वर्गणीवर गेम खेळणाऱ्याची फसवणूक होत नाही, कारण तो उघडपणे खंडाचा व्यवहार आहे. तक्रार आहे ती खंडाच्या वस्तूवर खरेदीची पाटी लावण्याला आणि खरेदीचा भाव घेण्याला. ५० रुपयांचा पास करमणूक म्हणून सोडून देता येईल. पाच हजारांची वस्तू तशी सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप भावाचा. सवलतीच्या काळात डिजिटल गेम इतके उतरतात की डिस्क परवडत नाही, असं म्हटलं जातं. कॉम्प्युटरच्या गेमबाबत ते खरं आहे, आणि तिथे डिस्कचा पर्यायही उरलेला नाही. पण प्लेस्टेशन ५च्या मोठ्या नव्या गेमची छापील किंमत भारतात ४,९९९ रुपयांच्या आसपास असते. डिजिटल घेतला तर पूर्ण पैसे कायमचे गेले. डिस्क घेऊन, खेळून, समजा २,५०० रुपयांना विकली, तर खरा खर्च निम्माच. आणि ती घेणाऱ्या दुसऱ्या मुलालाही गेम निम्म्यात पडला. ही रीत आपल्याला नवी नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घेऊन शिकलेल्या आणि वर्ष संपल्यावर ती विकलेल्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या आहेत. वस्तू हातोहात फिरते तेव्हा कमी पैशातल्या माणसालाही ती मिळते. फिरणं बंद केलं की पहिला फटका त्यालाच बसतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे : डिस्क तरी आता कुठे पुरी असते? पुष्कळ गेम डिस्क घातल्यावरही इंटरनेटवरून मोठे बदल उतरवायला लावतात. काही डब्यांत डिस्कच्या जागी नुसता कोड असतो. ‘द क्रू’ची डिस्क ज्यांच्या कपाटात होती त्यांचाही गेम बंदच पडला. हे मान्यच केलं पाहिजे, आणि म्हणून ‘डिस्क चांगली, डिजिटल वाईट’ असा माझा निष्कर्ष नाही. कसोटी माध्यमाची नाही, ताब्याची आहे. पोलंडमधलं ‘जीओजी’ हे दुकान २००८पासून डिजिटल गेमच विकतं, पण गेमची पूर्ण फाइल उतरवून स्वतःकडे ठेवता येते आणि ती चालवायला दुकानाची परवानगी लागत नाही. तिथे डिस्क नसूनही ताबा ग्राहकाचा आहे. इंटरनेटशिवाय गेम चालतो का, दुसऱ्याला देता येतो का, दुकान बंद झालं तर काय उरतं, या तीन गोष्टी पाहिल्या की खरेदी कोणती आणि खंड कोणता हे आपोआप कळतं.

चौथा आक्षेप गेम करणाऱ्यांच्या बाजूने आहे. जुनी डिस्क विकली की करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, आणि फाइल मोकळी ठेवली की चोरट्या प्रती वाढतात. गेम घडवणाऱ्यांचा घाम मोलाचा आहे, आणि चोरट्या प्रतीचं समर्थन मी करणार नाही. पण जुन्या पुस्तकांच्या दुकानांनी मराठी प्रकाशन बुडालं नाही. तिथून वाचनाची चटक लागलेला माणूसच पुढे नवं पुस्तक घेतो. शिवाय ऑनलाइन दुकानं स्वतःच विक्रीतला मोठा वाटा कापून घेतात. स्टीमचा सर्वसाधारण दर ३० टक्के आहे, आणि एपिकने १२ टक्क्यांनी सुरुवात करून त्याहून कमीत दुकान चालतं हे दाखवलं. करणाऱ्याच्या पोटाची काळजी असेल तर आधी तो वाटा कमी करावा. घेणाऱ्याचा हक्क कापून ती काळजी वाहता येत नाही.

उपाय अशक्य नाहीत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदा लागू झाला आहे : देत असाल परवानगी, तर ग्राहकाला ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘बाय’ हा शब्द वापरता येणार नाही. युरोपात, पैसे घेऊन विकलेला गेम कंपनीने पुरता निकामी करू नये, या मागणीच्या मोहिमेने २०२५मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ‘सोनी’ने मार्च २०२१मध्ये प्लेस्टेशन ३चं ऑनलाइन दुकान बंद करण्याची घोषणा केली होती; ग्राहकांनी आवाज उठवल्यावर पुढच्याच महिन्यात ती मागे घ्यावी लागली. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, ग्राहकाला दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध केंद्राची नोव्हेंबर २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. परवानगीला ‘खरेदी’ म्हणणं ही त्याच जातीची दिशाभूल आहे, आणि तिचा त्या यादीत स्पष्ट समावेश व्हायला हवा. सेवा बंद होण्याआधी पुरेशी सूचना आणि परतावा, हेही कायद्याने बांधून द्यायला हवं.

कायदा होईपर्यंत घरातल्या घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. फुकट गेममधल्या वस्तूंवर जाणारा पैसा हा करमणुकीचा खर्च समजून त्याची महिन्याची रक्कम ठरवून द्यावी. स्वस्त डायमंड किंवा यूसी देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे किंवा पासवर्ड देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं. प्ले स्टोअरवर मुलाने न विचारता खरेदी केली असेल तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करावी. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. महागडा गेम घ्यायचा तर आधी डिस्कचा विचार करावा आणि बिल जपावं. दाद मागायची वेळ आली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. कंपनी बंगळुरूची असो की परदेशातली, शिरूर-दौंडच्या ग्राहकाला दार पुण्याचंच ठोठावायचं आहे.

जमिनीच्या बाबतीत ही सावधगिरी आपल्या भागात पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून आली. तोंडी व्यवहारात, न वाचता केलेल्या अंगठ्यात ज्यांचं गेलं, त्यांच्याकडून पुढच्यांनी कागद पाहायला शिकून घेतलं. ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट टेकवणं हा आजचा अंगठा आहे. तो उठवण्याआधी मुलाने आजोबांना मोबाइल दाखवावा, आणि आजोबांनी त्यांच्या सवयीचा प्रश्न विचारावा : खरेदी आहे की खंडाने? उत्तर ‘खंडाने’ असं आलं तरी हरकत नाही; भाव मात्र खंडाचाच द्यावा.